माशाचे वय आणि पावसाळ्याची खूण

एखाद्या किनाऱ्यावरून दर वर्षी किती मासळी काढली तरी तिचा साठा टिकून राहील, या प्रश्नाचे उत्तर बोटींच्या संख्येवर किंवा जाळ्यांच्या लांबीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्या मासळीच्या वयावर आणि वाढीच्या वेगावर अवलंबून असते. जी मासळी वर्षभरात पूर्ण वाढून अंडी घालते आणि दोन-तीन वर्षांत मरते, तिचा साठा मोठ्या मासेमारीनंतरही लवकर भरून येऊ शकतो. उलट जी मासळी चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा विते, तिच्यावर तेवढाच भार टाकला तर पुढची पिढी जन्मण्यापूर्वीच आताची संपते. मात्र मासा स्वतःचे वय सांगत नाही, आणि मोठा मासा म्हणजे जुना मासा हा साधा अंदाजही फसवा ठरतो. म्हणूनच माशाचे वय ओळखण्याची विद्या कशी घडली, ती युरोपच्या थंड समुद्रात कशी यशस्वी झाली आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येताच तिची मोजपट्टी कशी बदलावी लागली, हा इतिहास मत्स्यविज्ञानापुरता मर्यादित राहत नाही. कोकण, कारवार आणि मलबारच्या मासेमारीविषयीचे कायदे ज्या समजुतींवर उभे राहिले, त्या समजुतींचाही तो इतिहास आहे.

माशाच्या शरीरातील कठीण भागांवर वयाच्या खुणा असाव्यात, ही कल्पना जुनी आहे. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने निसर्ग पाहणाऱ्या लेवेनहूक या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात माशांच्या खवल्यांवरील वलये पाहून त्यांचा संबंध वयाशी जोडला होता. 1759 मध्ये हान्स हेडरस्ट्रोम या स्वीडिश धर्मोपदेशकाने पाइक या गोड्या पाण्यातील माशाच्या मणक्यांवरील कडी मोजून त्यांचे वय आणि वाढ यांविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याचे निष्कर्ष आजच्या मापानेही बरेचसे बरोबर ठरतात. तरीही या निबंधाकडे जवळजवळ सव्वाशे वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही, याचे कारण असे की समुद्रातील मासळी अमर्याद आहे ही समजूत तेव्हा इतकी पक्की होती की तिच्या वयाचा हिशेब ठेवण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. वाफेवर चालणारी ट्रॉलर जहाजे उत्तर समुद्रात उतरल्यानंतर प्लेससारख्या तळाशी राहणाऱ्या चपट्या माशांचा आकार घटू लागला, तेव्हा ही गरज अचानक निर्माण झाली.

त्या वेळी दोन निरनिराळे मार्ग जवळजवळ एकाच दशकात पुढे आले. पहिला मार्ग डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पेटरसन याने 1890 च्या सुमारास दाखवला. एका खाडीतील एकाच जातीचे शेकडो मासे मोजून लांबीनुसार त्यांची मांडणी केली, तर काही लांब्यांपाशी माशांची गर्दी दिसते आणि त्यांच्या मध्ये विरळ जागा राहतात. अशी प्रत्येक गर्दी म्हणजे एकेका वर्षीची पैदास, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा मार्ग शरीरावरील खुणांचा होता. जर्मनीत सी. हॉफबाउअर याने 1898 मध्ये, ज्यांचे वय आधीपासून माहीत होते अशा तळ्यातील कार्प माशांचे खवले तपासले आणि उन्हाळ्यात खवल्यावरील बारीक कडा एकमेकींपासून दूर, तर हिवाळ्यात अगदी दाटीने पडतात, हे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी जे. रायबिश याने प्लेस माशाच्या कर्णाश्मांवर, म्हणजे माशाच्या आंतरकर्णात तोल सांभाळण्याच्या कामी येणाऱ्या चुनखडीच्या खड्यांवर, तशीच वार्षिक वलये दाखवली. खोडावरील वलये मोजून झाडाचे वय सांगावे तसे माशाचे वय आता सांगता येऊ लागले, आणि विशेष म्हणजे त्यासाठी जिवंत मासा पाळून ठेवण्याची गरज उरली नाही.

या विद्येचे खरे सामर्थ्य नॉर्वेत उघड झाले. 1902 मध्ये कोपनहेगन येथे समुद्र संशोधनासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली होती, आणि हेरिंग माशाचे उत्पन्न काही वर्षे भरघोस, तर काही वर्षे नगण्य का होते, हा तिच्यापुढचा मोठा प्रश्न होता. मासळी कमी मिळाली की ती दुसऱ्या समुद्रात निघून गेली, असे स्पष्टीकरण तोपर्यंत दिले जात असे. योहान हियॉर्ट आणि त्याचे सहकारी क्नूट डाल व आइनार लेया यांनी हजारो हेरिंगचे खवले तपासले, आणि मानवी लोकसंख्येच्या गणनेत वयोगट मांडावेत तसे हेरिंगचे वयोगट मांडले. 1904 मध्ये जन्मलेली एकच पिढी 1908 पासून पुढे जवळजवळ दशकभर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील वसंतऋतूच्या हेरिंगमध्ये वरचढ राहिली, आणि 1910 ते 1914 या काळात पकडलेल्या माशांपैकी अर्ध्याहून अधिक मासे तिचेच होते, हे त्यातून दिसले. 1914 मध्ये हियॉर्टने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की मासे निघून जात नाहीत. काही वर्षांची पैदास जगते आणि काही वर्षांची अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच मरते, आणि किनाऱ्याची भरभराट या जगण्या-मरण्यावर ठरते. मत्स्यविज्ञानातील इतका मोठा विचारबदल त्यापूर्वी झाला नव्हता, आणि तो खवल्यावरील कडा मोजण्याच्या कंटाळवाण्या कामातून झाला.

तरीही या पद्धतीला विरोध झालाच. डार्सी थॉम्प्सन या स्कॉटिश विद्वानाला, त्याच परिषदेचा सदस्य असूनही, खवल्यांवरील वलयांचा भरवसा वाटत नव्हता. रोझा ली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ स्त्रीने आणखी एक अडचण दाखवून दिली : वयस्क माशाच्या खवल्यावरून तो पहिल्या वर्षी किती लांब होता हे मागे जाऊन काढले, तर ते उत्तर तरुण माशांवरून काढलेल्या उत्तरापेक्षा नेहमी कमी येते. यामागे मोजणीच्या पद्धतीतील दोष असू शकतो, तसेच जाळी जलद वाढणाऱ्या माशांनाच आधी उचलतात व मंद वाढणारे मागे राहतात, हेही कारण असू शकते. आजही ‘लीचा प्रभाव’ या नावाने ओळखली जाणारी ही बाब एका गोष्टीची आठवण ठेवायला लावते : जाळे साठ्यावर केवळ संख्येने परिणाम करत नाही, तर कोणत्या प्रकारचे मासे म्हातारे होतील हेही ते ठरवते.

प्रत्यक्ष कर्णाश्म पाहिल्यावर या साऱ्या वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. माशाचे डोके वरून कापून मेंदू बाजूला केला की त्याच्या खालच्या बाजूला, डाव्या-उजव्या पोकळ्यांत, कर्णाश्मांच्या तीन जोड्या सापडतात. त्यांतील सर्वांत मोठी जोडी वयासाठी वापरतात. खडा धुऊन वाळवतात आणि काळ्या तळावर पाण्यात किंवा ग्लिसरिनमध्ये बुडवून वरून प्रकाश टाकतात. तेव्हा मध्यबिंदूभोवती अपारदर्शक पांढुरके पट्टे आणि त्यांच्या मधले अर्धपारदर्शक, म्हणून काळसर दिसणारे पट्टे आळीपाळीने दिसू लागतात. वाढ जोमात असते तेव्हा एका प्रकारचा पट्टा पडतो आणि मंदावते तेव्हा दुसऱ्या प्रकारचा. खड्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असून उपासमारीच्या काळातही शरीर तो विरघळवून परत वापरत नाही. खवल्याचे तसे नाही, तो झडतो, नवा येतो, प्रसंगी कडेने झिजतो. बांगड्याचा कर्णाश्म केवळ काही मिलिमीटर लांब, पातळ आणि ठिसूळ असतो, चिमट्यात धरताना तुटतो. घोळ, कोथ, ढोमा या कुळातील माशांचे खडे मात्र जाड आणि ठसठशीत असतात, त्यामुळे त्यांचा छेद घेऊन आतले पट्टे पाहावे लागतात.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न सर्वप्रथम तारलीच्या निमित्ताने उपस्थित झाला. मलबारच्या किनाऱ्यावर या तेलकट माशाचे प्रचंड थवे येत, काही वर्षांत तो माडांना खत म्हणून घालण्याइतका स्वस्त होई, आणि मग एकाएकी वर्षानुवर्षे दिसेनासा होई. मद्रास प्रांताच्या मत्स्य विभागाचे जेम्स हॉर्नेल यांनी एम. आर. नायडू यांच्यासह 1924 च्या सुमारास तारलीच्या जीवनक्रमावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ती वर्षभराची झाली की विते आणि फारच थोडे मासे दुसऱ्या वर्षापलीकडे जगतात, असे मत मांडले होते. 1940 च्या दशकात तारलीचे उत्पन्न घसरले, तेव्हा विभागातील डी. डब्ल्यू. देवनेसन यांनी 1943 मध्ये तिच्या वयाचा आणि अंडी घालण्याच्या जागांचा शोध घेणारा अहवाल सादर केला. याच सुमारास मद्रास सरकारने लहान तारली पकडण्यावर आणि काही विशिष्ट जाळ्यांवर निर्बंध घातले, जे काही वर्षांतच मागे घेतले गेले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात आर. व्ही. नायर यांनी तारलीच्या कर्णाश्मांवरील वलये वार्षिक मानून तिचे आयुष्य चार वर्षांपर्यंत जाते असे दाखवले. म्हणजे एकाच माशाची दोन आयुष्ये शास्त्रीय ग्रंथांत शेजारी शेजारी नांदत होती, आणि एकावर विश्वास ठेवला तर निर्बंध निरर्थक, तर दुसऱ्यावर ठेवला तर ते अत्यावश्यक ठरत होते. या मतभेदाला केवळ पंडितांचा वाद समजणे चुकीचे आहे, कारण त्याचा परिणाम थेट होडीवर पोट असलेल्या माणसाच्या जाळ्यावर होत होता.

मतभेदाचे मूळ ऋतुचक्रात होते. उत्तर समुद्रात हिवाळा इतका कडक असतो की माशाची वाढ जवळजवळ थांबते आणि ती थांबल्याची खूण हाडात, खड्यात, खवल्यात स्पष्ट उमटते. अरबी समुद्राच्या किनारपट्टीवर असा हिवाळाच नाही. त्यामुळे इथल्या माशांवर वलये पडतच नाहीत, किंवा पडली तरी त्यांना वर्षाचा अर्थ नाही, असे अनेकांना वाटत होते. 1947 मध्ये केंद्र सरकारने स्थापन केलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कालिकत केंद्रातील जी. शेषप्पा आणि बी. एस. भिमाचार यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी मलबारच्या लेपीवर केलेला अभ्यास या दृष्टीने फार मोलाचा आहे. तळाच्या चिखलात राहणाऱ्या या चपट्या माशाच्या खवल्यांवर त्यांना वर्षातून एकदा पडणारे वलय आढळले, आणि ते नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांशी जुळत होते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा तळ खवळलेल्या पाण्याने ढवळून निघतो, त्यातील कृमी व इतर बारीक जीव नाहीसे होतात, लेपीला अन्न मिळत नाही, तिची वाढ खुंटते, आणि खवल्यावर त्या उपासाची रेघ राहते. युरोपात जे काम थंडीने केले, ते इथे पावसाळ्याने केले होते. हा निष्कर्ष एका लहान, बाजारात फारशी किंमत नसलेल्या माशावरून निघाला म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही; उलट समुद्रकिनाऱ्यावरच्या सगळ्या जीवनाला जो ऋतू वळण देतो, त्याचाच ठसा माशाच्या शरीरात शोधायला हवा, ही दृष्टी त्याने दिली.

बांगड्याच्या बाबतीत मात्र ही दृष्टीही पुरेशी पडली नाही. तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या कारवार येथील केंद्रात एल. बी. प्रधान यांनी बांगड्याचा दीर्घ अभ्यास करून 1956 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या काळी कारवार, गोवा आणि दक्षिण कोकणात बांगडा मुख्यतः रापणीने पकडला जाई : किनाऱ्यापासून अर्धवर्तुळाकार टाकलेले शेकडो मीटर लांबीचे जाळे दोन्ही टोकांनी माणसांच्या रांगा ओढत आणत, आणि थव्यात शिरलेला सगळा बांगडा एकाच वेळी वाळूवर येई. या पद्धतीत एक गोष्ट अटळ होती, ती म्हणजे किनाऱ्याला लागणारे थवे जवळजवळ एकाच आकाराच्या माशांचे असत. त्यामुळे पेटरसनच्या पद्धतीला आवश्यक असलेल्या लांबीच्या अनेक गर्दी कधी नीट दिसल्याच नाहीत. लहान आणि वृद्ध बांगडे रापणीच्या टप्प्याबाहेर होते. सुमारे वीस सेंटिमीटर लांबीचा बांगडा सुरुवातीच्या अभ्यासांत दोन वर्षांचा मानला गेला, पण पुढे महिन्यामागून महिना वाढ तपासली गेली तेव्हा तो इतका मोठा वर्षभराच्या आतच होतो, असे मत पुढे आले. 1969 मध्ये शेषप्पा यांनीच बांगड्याच्या खवल्यांवरून आणि कर्णाश्मांवरून वय ठरवणे हा एक ‘प्रश्न’ आहे, असे शीर्षकातच मान्य केले. सुरुवातीच्या अभ्यासकांना यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण जे जाळे समुद्रातून मासळी आणते तेच शास्त्रज्ञाच्या टेबलावर नमुने आणते, आणि जाळ्याला न दिसणारे मासे शास्त्रज्ञालाही दिसत नाहीत.

याच्या नेमकी उलट स्थिती बोंबलाची होती. वसई, अर्नाळा, सातपाटी, वर्सोवा आणि सौराष्ट्राच्या नवाबंदर-जाफराबाद पट्ट्यात बोंबील डोलीने पकडला जातो. डोल म्हणजे भरतीओहोटीच्या प्रवाहासमोर तोंड करून समुद्रात बांधलेले पिशवीसारखे निमुळते जाळे, ज्याचे आसे शेपटाकडे अत्यंत बारीक होत जातात. प्रवाहाबरोबर जे येईल ते सर्व, जवळ्यापासून मोठ्या बोंबलापर्यंत, त्यात अडकते. मासेमारीच्या दृष्टीने हा दोष असला तरी वयाच्या अभ्यासाला ती सोयच होती. मुंबईत एस. व्ही. बापट, एस. के. बॅनर्जी आणि डी. व्ही. बाळ यांनी 1951 मध्ये बोंबलाच्या जीवनक्रमावर निबंध प्रसिद्ध केला, आणि बापट यांनी 1970 मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोंबलाचे अंग पाणीदार, हाडे मऊ आणि खवले नाजूक, त्यामुळे वय शोधण्यासाठी लांबीचाच आधार घ्यावा लागला. पण तो वर्षातून बऱ्याच महिन्यांत वितो, आणि एका पिढीची गर्दी संपण्याआधी दुसरीची सुरू होते. उष्ण समुद्रातील बहुतेक मासळीची हीच अवस्था असल्यामुळे केवळ आलेखावरील उंचवटे पाहून वर्षे मोजणे इथे नेहमीच जोखमीचे राहिले.

घोळीचे उदाहरण या सर्वांपेक्षा वेगळे आहे. मीटरभराहून मोठ्या होणाऱ्या या माशाचा बोत, म्हणजे पोटातील हवेची पिशवी, परदेशात फार मोठ्या किमतीला विकला जातो. के. व्ही. सुब्बा राव यांनी 1960 च्या दशकात मुंबई आणि सौराष्ट्राच्या पाण्यातील घोळीचे वय व वाढ यांवर केलेला अभ्यास मुंबईहून चालणाऱ्या ट्रॉलर जहाजांच्या मासळीमुळे शक्य झाला, कारण इतका मोठा मासा किनाऱ्यालगतच्या जाळ्यांत नियमित येत नव्हता. घोळ बांगड्यासारखी वर्षभरात वाढून मोकळी होत नाही. मोठा देह तयार व्हायला तिला अनेक वर्षे लागतात आणि म्हणून तिच्यावर पडलेला भार अनेक वर्षे भरून येत नाही. बांगडा, तारली आणि घोळ यांना एकच नियम लावता येत नाही, ही गोष्ट कोळी समाजाला अनुभवाने ठाऊक होतीच. शास्त्राने तिला आकडे दिले.

या आकड्यांना गणिती रूप देण्याचे श्रेय लुडविग फॉन बर्टलान्फी यांच्या 1938 मधील समीकरणाला जाते. मासा लहानपणी झपाट्याने वाढतो आणि वय वाढेल तशी त्याची वाढ मंदावत एका कमाल लांबीकडे जाते, हे त्या समीकरणाचे सार असून 1957 मध्ये बेव्हरटन आणि होल्ट यांनी त्याच्या आधारे किती वयाचा मासा पकडल्यास जास्तीत जास्त उत्पन्न मिळेल, याचे गणित मांडले. भारतासह उष्ण कटिबंधातील देशांना मात्र वयाचे आकडेच कमी उपलब्ध होते. तिथे सी. जी. भट्टाचार्य या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने 1967 मध्ये दिलेली, एकमेकांत मिसळलेल्या गटांना वेगळे काढण्याची सोपी पद्धत उपयोगी पडली, आणि 1980 च्या सुमारास डॅनियल पॉली यांनी मनिला येथील संस्थेत लांबीच्या आकड्यांवरून संगणकाने वाढ काढण्याची पद्धत विकसित केली. तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक जातींची वाढ याच मार्गाने मोजली गेली. दरम्यान जॉर्जियो पॅनेला यांनी 1971 मध्ये कर्णाश्मांवर दररोजची बारीक वलये असल्याचे दाखवले, आणि त्यामुळे वर्षाच्या खुणेवर न विसंबता तरुण माशाचे वय दिवसांत मोजता येऊ लागले. लांबीवरून काढलेल्या वयाची अशी पडताळणी आपल्या जातींच्या बाबतीत अधिक व्हायला हवी, कारण ती न झाल्यास काय घडते याचे कठोर उदाहरण उत्तर पॅसिफिकमध्ये घडले : तिथल्या एका तांबड्या खडकमाशाचे वय कर्णाश्माच्या पृष्ठभागावरून तीसेक वर्षांचे मानले गेले होते, खडा मोडून, भाजून त्याचा छेद पाहिल्यावर तेच मासे नव्वद वर्षांपर्यंत जगल्याचे दिसले, आणि तोपर्यंत त्यांची मासेमारी चुकीच्या हिशेबाने होत राहिली होती.

केरळने 2015 मध्ये माशाची किमान लांबी ठरवणारे नियम केले, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी तसेच नियम केले. माद्यांपैकी साधारण निम्म्या ज्या लांबीला पहिल्यांदा पक्व होतात, ती लांबी या नियमांच्या मुळाशी असते, आणि बाजारात किंवा बंदरावर वय तपासता येत नसल्यामुळे लांबी हे वयाचेच बदली माप आहे. हे माप किती नाजूक आहे याची जाणीव तारलीनेच पुन्हा करून दिली. केरळच्या किनाऱ्यावर 2012 मध्ये सुमारे 4 लाख टन मिळालेली तारली 2021 मध्ये अवघ्या साडेतीन हजार टनांच्या आत आली. त्यानंतर साठा सावरू लागला आणि भरपूर पैदास झाली, तेव्हा एवढ्या माशांना अन्न पुरले नाही व त्यांची वाढ खुंटल्याचे आढळले. असा खुरटलेला मासा वयाने पक्व असूनही पट्टीवर कोवळा ठरू शकतो, तर अन्नाच्या सुबत्तेत झपाट्याने वाढलेला कोवळा मासा नियमाच्या आकड्यापलीकडे जाऊ शकतो. म्हणून किमान लांबीचे आकडे दर काही वर्षांनी त्या त्या किनाऱ्यावरील कर्णाश्मांशी ताडून पाहणे, आणि त्यासाठी भाऊचा धक्का, ससून डॉक, सातपाटी, रत्नागिरी व मालवण येथून वर्षभर नमुने गोळा करत राहणे, हे या कायद्याइतकेच आवश्यक काम आहे.